डिस्चार्ज मिळाला, पण पारा अजून अंगातच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चेहऱ्याला लावायच्या क्रीममुळे एका महिलेला पाऱ्याची विषबाधा झाल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. क्रीम जप्त झालं, नमुने तपासायला गेले, चौकशी सुरू झाली. शेवटी एक वाक्य होतं : ‘रुग्णाची प्रकृती आता स्थिर असून तिला घरी सोडण्यात आले आहे.’ बातमी तिथे थांबली यात गैर काही नाही. पण त्या घरातलं खरं काम त्या वाक्यानंतर सुरू होतं आणि त्याबद्दल कुठेच काही छापून येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागा कमी असेल तर दोन भागांत छापा, पण मधलं काही गाळू नका अशी विनंती.

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लोकांच्या रक्तालघवीचे नमुने घेणं, मशिनवर लावणं, रिपोर्ट काढणं हे माझं रोजचं काम. हीच विषबाधा माझ्या धाकट्या बहिणीला झाली. तिची फाईल माझ्याकडे असते, तिच्याबरोबर ओपीडीत मीच जाते. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा आजार पाहिल्यामुळे बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मला वाटतं.

बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले होते. ओळखीतून एक डबी मिळाली. त्यावर घटक लिहिलेले नव्हते, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. फक्त बारीक अक्षरात एक सूचना होती, की क्रीम सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये. (ही सूचना दिसली की सावध व्हावं. पारा सोन्याचांदीला धरतो, म्हणून ती लिहिलेली असते.) काही आठवड्यांत वांग फिके पडले, चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. मग लघवीला फेस यायला लागला. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ पायावर खोल उमटायचा, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. झोप उडाली, चिडचिड वाढली. त्या दोन्हींचं खापर घरात सगळ्यांनी लहान बाळावर फोडलं. लघवीतून प्रथिनं वाहून जात होती आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन घसरलं होतं. गोळ्या कुठल्या घेता, काढे घेता का, वेदनाशामकं घेता का, असं सगळं विचारून झालं. ‘चेहऱ्याला काय लावता?’ हे विचारणारे किडनीचे डॉक्टर पहिलेच. बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीची गाळणी बिघडून प्रथिनं गळण्याचा आजार निघाला, लघवीत पारा निघाला.

त्वचेतून एवढं काय आत जाणार, असं अजूनही शिकलेली माणसं मला विचारतात. १९७२ साली फ्रान्समध्ये लहान मुलांच्या टाल्कम पावडरमध्ये चुकून हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक जास्त प्रमाणात मिसळलं गेलं आणि नुसत्या अंगाला लावलेल्या त्या पावडरने ३६ मुलं दगावली. पाऱ्याचे क्षार त्वचेतून, घामाच्या ग्रंथींतून, केसांच्या मुळांतून आत जातात. काही भाग वाफ होऊन श्वासातून जातो. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात मांडला. त्यातल्या १५ जणांच्या किडनीत ‘नेल-१’ या प्रथिनाची खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळवणारी क्रीम लावत होते. त्यामुळे बहिणीचं प्रकरण जगावेगळं मुळीच नव्हतं. आणि म्हणूनच मला राग येतो तो तिच्या डिस्चार्ज कार्डाचा.

कार्डावर लिहिलं होतं : क्रीम बंद, गोळ्या चालू, दोन आठवड्यांनी दाखवणे. बस. किती महिने दाखवायचं, कुठली तपासणी कधी करायची, घरातल्या बाळाचं काय, त्या डबीचं काय, यातलं एक अक्षर नाही. डॉक्टर चांगले होते, वॉर्डातल्या सिस्टर मायेच्या होत्या, मला कुणा एका माणसाला दोष द्यायचा नाही. पण हार्ट अटॅकच्या रुग्णाला घरी सोडताना हातात छापील कागद देतात. विषबाधेच्या रुग्णाला ‘आता ते लावू नका’ एवढंच सांगून का सोडतात? विष आत गेलं, उतारा दिला, माणूस वाचला, असा आपल्या सगळ्यांचा समज आहे. काही विषं तशी असतातही. कापराच्या तेलाने लहान मुलाला झटके आले तर ते काही तासांतच येतात, आणि तो दिवस निभावला की बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. पारा तसा नाही. तो भिंतीत मुरलेल्या ओलीसारखा असतो, गळती बंद केली तरी लगेच वाळत नाही.

अशा क्रीममध्ये बहुतेकदा असेंद्रिय पारा असतो, म्हणजे कॅलोमेल (पारा आणि क्लोरीनचा क्षार) किंवा तत्सम क्षार. तो मुख्यतः मूत्रपिंडात साठतो. शरीरातला साठा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. पुढच्या दोन महिन्यांत उरलेल्याच्या निम्मा, मग त्याच्या निम्मा. म्हणजे क्रीम फेकून दिल्यावर सहा महिन्यांनीही मूळ साठ्याचा सुमारे आठवा हिस्सा आतच असतो, आणि मूळ साठा मोठा असेल तर आठवा हिस्साही थोडा नसतो. हे गणित रुग्णाला कागदावर मांडून दाखवलं तर ‘पुन्हा तपासणी कशाला?’ हा प्रश्न उरत नाही. माझ्या बहिणीने तो विचारला होता. मी हेच आकडे फाईलच्या पाठीमागे लिहून दिले, तेव्हापासून तिने एकही तारीख चुकवली नाही.

आता तपासणीबद्दल. हे माझं क्षेत्र आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. असेंद्रिय पाऱ्याचा साठा लघवीत कळतो. रक्तात दिसतो तो प्रामुख्याने अलीकडे आत गेलेला पारा, शिवाय मासे खाणाऱ्यांच्या रक्तात माशांतला पाराही दिसतो. म्हणून नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून ‘उतरला’ किंवा ‘वाढला’ असा निष्कर्ष काढू नये. लघवी चोवीस तासांची धरायची तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतर दिवसरात्रीची सगळी कॅनमध्ये साठवायची आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली त्यात घालून कॅन बंद करायचा. बहुतेक नमुने इथेच बिघडतात. एखादी वेळ विसरली तर लोक संकोचाने सांगत नाहीत, आकडा कमी येतो आणि घरात आनंद होतो. विसरलात तर सरळ सांगा, नवा कॅन मिळतो. एकाच वेळची लघवी दिली असेल तर पाऱ्याचा आकडा क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे रोज साधारण सारखाच बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या) प्रमाणात दिलेला असावा, नाहीतर त्या दिवशी पाणी किती प्यायलात यावर तो कमीजास्त होतो. कॅन धातूंच्या तपासणीसाठीचाच हवा, घरातली धुतलेली बरणी चालत नाही. आणि शक्यतो दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्या, म्हणजे मागचा आणि आताचा आकडा शेजारीशेजारी ठेवून बघता येतो.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पारा बाहेर काढणारं औषध देऊन लगेच घेतलेला नमुना आणि औषधाविना घेतलेला नमुना यांची तुलना होत नाही. औषधानंतर लघवीतला आकडा कोणाचाही वाढतो, निरोगी माणसाचासुद्धा. असा मुद्दाम वाढवलेला आकडा नेहमीच्या रेंजशेजारी छापून लोकांना घाबरवणारे आणि मग महागडे ‘डिटॉक्स’ विकणारे लोक आहेत. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचं स्पष्टपणे म्हटलं आहे. रिपोर्ट हातात घेताना ‘हा नमुना औषधाआधीचा की नंतरचा?’ एवढं जरूर विचारा.

खऱ्या औषधाबद्दल सांगायचं तर डीएमएसए आणि डीएमपीएस ही पाऱ्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं. प्रत्येकाला ती लागतातच असं नाही. साठा किती, लक्षणं काय, किडनी कशी आहे, यावर तज्ज्ञ ठरवतात. ती चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि यकृताच्या तपासण्या अधूनमधून कराव्या लागतात. एक कोर्स संपला की आकडा खाली येतो आणि काही दिवसांनी पुन्हा थोडा वर जातो, कारण पेशींत दडलेला पारा रक्तात उतरतो. माझ्या बहिणीचं तसंच झालं. त्या रिपोर्टचा कागद हातात घेऊन ती आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यातच बसली. तिला वाटलं, सगळं वाया गेलं. असं होऊ शकतं, हे आधी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तिची ती रात्र वाचली असती. म्हणूनच कोर्सनंतर थोडा काळ जाऊ देऊन पुन्हा तपासतात. आणि ही औषधं घरच्या घरी, इंटरनेटवरून मागवून घ्यायची नाहीत. बांधून काढणारं औषध शरीराला हवी असलेली खनिजंही ओढून नेतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत ईडीटीए या अशाच बांधून काढणाऱ्या औषधाचा चुकीचा प्रकार दिल्याने रक्तातलं कॅल्शियम घसरून तिघांचा मृत्यू झाला, त्यांत दोन मुलं होती.

किडनीची बाजू मात्र आशेची आहे. क्रीम बंद केल्यावर अनेकांची किडनी हळूहळू सावरते, काहींना स्टिरॉइडसारख्या कडक औषधांची गरजही पडत नाही. पण ‘हळूहळू’ म्हणजे महिने. तोवर लघवीतली प्रथिनं, रक्तातलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, रक्तदाब यांवर सतत नजर ठेवावी लागते. प्रथिनं फार गळत असताना रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका असतो. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. प्रथिनांची गळती कमी करायला रक्तदाबाच्या ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या बऱ्याच गरोदरपणात चालत नाहीत. ही क्रीम वापरणाऱ्या किती तरी जणी तरुण असतात, तरी हे त्यांना विचारून सांगितलं जातंच असं नाही. पुढचं मूल हवं असेल तर केव्हा, स्तनपान चालू ठेवायचं की नाही, हे प्रश्न बाईने विचारायची वाट न बघता डॉक्टरांनी स्वतःहून काढायला हवेत. पारा दुधात उतरतो.

मेंदू आणि नसा यांची बाजू घरच्यांना कळत नाही, कारण ती स्वभावासारखी दिसते. झोप न लागणं, रडू येणं, पटकन चिडणं, चारचौघांत जायला नको वाटणं, नाव न आठवणं, हात थरथरणं. ‘किती बदलली ही!’ असं आमच्याकडेही बोललं गेलं. बहिणीचे डॉक्टर दर भेटीत तिला कोऱ्या कागदावर पेनाने आतून बाहेर जाणारं एक सर्पिल काढायला लावत आणि खाली तारीख घालत. ते कागद मी फाईलमध्ये क्रमाने लावले आहेत. पहिल्यावर रेघ दातेरी आहे, दोन ठिकाणी फेरे एकमेकांवर चढले आहेत. पुढे पुढे दाते कमी होत गेले. रिपोर्टमधल्या आकड्यांनी तिला कधी धीर दिला नाही, तो या कागदांनी दिला. कुठल्याही दवाखान्यात कागद आणि पेन असतं. हे सगळीकडे का करू नये?

यातला सगळ्यात घातक प्रकार सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या पाऱ्याचा, उदाहरणार्थ मिथाइल मर्क्युरीचा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात ४७ वर्षांच्या एका महिलेच्या क्रीममध्ये तो निघाला. क्रीममध्ये पारा १२,००० पीपीएम, म्हणजे किलोमागे १२ ग्रॅम होता. तिच्या रक्तात लिटरमागे २,६०० मायक्रोग्रॅमहून जास्त पारा होता. एरवी तो पाचपेक्षा कमी असतो. लघवीत मात्र तुलनेने बराच कमी होता, आणि याच तफावतीवरून हा पारा सेंद्रिय असावा असा संशय डॉक्टरांना आला. औषध देऊनही काही आठवड्यांनंतर ती बोलू शकत नव्हती, स्वतःचं काहीच करू शकत नव्हती, अन्न नळीवाटे द्यावं लागत होतं. सेंद्रिय पाऱ्याची लक्षणं उशिरा उमटतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या दुसऱ्या सेंद्रिय पाऱ्याचे थेंब सांडले. विषबाधा लक्षात आली जानेवारी १९९७ मध्ये, आणि जूनमध्ये त्या गेल्या. मधले काही महिने त्या कामावर जात होत्या. ‘आता बरं वाटतंय’ या शब्दांवर फाईल बंद करू नये, असं मी म्हणते ते यासाठी.

आता घराबद्दल. डिस्चार्ज कार्डावर हे नसणं मला सगळ्यात जास्त खटकलं. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनिया या राज्यांत २०१० मध्ये पाऱ्याचं क्रीम वापरणाऱ्यांच्या घरांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांनी ते क्रीम कधीच लावलं नव्हतं अशा माणसांच्या, मुलांच्याही लघवीत पारा वाढलेला सापडला. क्रीम उशीला लागतं, टॉवेलला लागतं, फोनला, दाराच्या मुठीला लागतं. बाळ आईच्या गालाला गाल लावून झोपतं, तिची बोटं तोंडात घालतं. लहान मुलांत पाऱ्याची लक्षणं वेगळी असतात : तळहात-तळपाय गुलाबी होऊन त्यांची सालं निघणं, खूप घाम, उजेड नकोसा होणं, सतत किरकिर, स्नायू ढिले पडणं आणि वाढलेला रक्तदाब. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात दात येताना हिरड्यांना चोळायच्या कॅलोमेलच्या पावडरींमुळे हा आजार पाश्चात्त्य देशांत सर्रास दिसायचा. १९५०च्या दशकात त्या पावडरी बंद झाल्या आणि आजारही जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे आजच्या डॉक्टरांनी तो फारसा पाहिलेला नाही. तान्ह्या मुलाचा रक्तदाब सहसा कुणी मोजत नाही, तो मोजायला सांगावा लागतो. आम्ही सांगितलं. भाच्याच्या लघवीत पारा निघाला, थोडा होता, औषध लागलं नाही. पण तो आम्ही मागे लागून शोधला म्हणून सापडला.

डबी केराच्या टोपलीत टाकायची नाही, जाळायची तर अजिबातच नाही. जाळली की पाऱ्याची वाफ थेट छातीत जाते. झाकण घट्ट लावून ती दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करावी आणि आरोग्य खात्याच्या माणसाच्या हाती द्यावी. तीच पुरावा आहे आणि आत नेमका कोणता पारा आहे हे तिच्यावरूनच कळतं. वापरात असलेली उशी, अभ्रे, चेहरा पुसायचे टॉवेल वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावेत, घरच्या इतर कपड्यांबरोबर मशिनला लावू नयेत. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये, त्याने पारा हवेत पसरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि ज्या कोणाला त्याच डबीतलं क्रीम भेट दिलं असेल, त्याला आजच फोन करावा.

राहिली त्वचा, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं. विषबाधेच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण अशा डब्यांत पाऱ्याबरोबर अनेकदा कडक स्टिरॉइड असतं, हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं रसायन असतं. ते एकदम थांबलं की चेहरा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या उठतात, आणि पारा मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य तयार होणं रोखून धरत असतो, त्यामुळे तो थांबल्यावर वांग परत येतात, कधी आधीपेक्षा गडद. पहिल्या काही आठवड्यांत बहिणीचा चेहरा पाहून लोक विचारायचे, ‘अगं, काय झालं गं हे?’ आजारापेक्षा तिला हे जास्त लागायचं. याच आठवड्यांत बायका दुसरी डबी आणतात. हे मी प्रयोगशाळेत पाहिलं आहे : उतरत आलेला पारा पुन्हा चढतो आणि रुग्ण मान खाली घालून बसते. तिला रागावून काही होत नाही. चेहरा बिघडणार आहे, तो इतके महिने बिघडलेला राहणार आहे, त्यावर हे सुरक्षित औषध आहे, हे सनस्क्रीन लावा, हे तिला आधीच सांगितलं तर ती दुसऱ्या डबीकडे वळणार नाही. अंगाच्या मोठ्या भागावर महिनोन्महिने स्टिरॉइड लावलं असेल तर शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवायची ताकद मंदावलेली असते. क्रीम थांबवल्यावर गळून गेल्यासारखं वाटणं, उलट्या, उठल्यावर चक्कर असं झालं तर सकाळचं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) तपासावं लागतं.

पाऱ्याचा वापर रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ पासून लागू आहे. २०२३ मध्ये जिनिव्हात भरलेल्या बैठकीत एक पीपीएमपेक्षा कमी पारा असलेल्या प्रसाधनांना दिलेली जुनी सूट काढून टाकून पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं. हे फार चांगलं झालं. पण बंदीमुळे पुढची डबी थांबेल, जिच्या अंगात पारा आधीच आहे तिला त्या बंदीचा काय उपयोग? रुग्णालयांकडे माझी मागणी मोठी नाही. डिस्चार्ज कार्डाला एक पान जोडा. लघवीतला पारा कधी कधी तपासायचा, किडनीच्या तपासण्या केव्हा, नसांची आणि मनाची विचारपूस कोण करणार, घरातल्या कोणाकोणाची तपासणी झाली, डबी कोणाच्या ताब्यात आहे, त्वचेसाठी कोणाकडे जायचं, आणि मधेच काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. यातल्या निम्म्या गोष्टी मी स्वतः कागद आखून, ओपीडीत उभ्या उभ्या विचारून भरून घेतल्या. जिला प्रयोगशाळेतली बहीण नाही तिने काय करायचं?

आपल्या वार्ताहरांनाही सांगावंसं वाटतं. पुढच्या वेळी अशी बातमी आली की ‘प्रकृती स्थिर’ हे लिहून घेतल्यावर डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा : घरातल्या मुलांची लघवी तपासली का? उत्तर काहीही असो, ते छापा.

बहीण आता कामावर जाते. लघवीतून प्रथिनं अजून थोडी जातात, गोळ्यांचा डोस कमी झाला आहे, पुढचा नमुना पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. आपल्या बातमीतल्या ताईंच्या घरी हे पत्र कुणी वाचलं तर त्यांनी कृपया एवढं करावं : घरात लहान मूल असेल तर त्याचा रक्तदाब याच आठवड्यात मोजून घ्यावा आणि लघवी पाऱ्यासाठी तपासायला द्यावी. बाळ बरं दिसत असलं तरीही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(बहिणीच्या खासगीपणासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)